तान्हं आजारी पडलं की रात्रीच निघायचं, हे तुम्ही कशावरून ठरवता?

घोडबंदरकरीण | सोमवार, रात्री १०:१५

आधी सांगून टाकते, बाळ आता छान आहे. साडेतीन महिन्यांचा झालाय आणि आत्ता माझ्या मांडीवर स्वतःची मूठ खातोय. त्यामुळे काळजीचे प्रतिसाद नकोत, मला दुसरंच विचारायचंय.

तो आठ आठवड्यांचा होता तेव्हाची गोष्ट. आम्ही ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहतो. रात्री दीडच्या सुमाराला दूध पाजायला उचलला तर अंग गरम लागलं. काखेत थर्मामीटर लावला, १००.८. रडत नव्हता, उलट फारच शहाण्यासारखा झोपला होता. आधीचं एक फीडिंगही त्याने अर्धवट सोडलं होतं. सासूबाई म्हणाल्या, इंजेक्शनचा ताप असेल. नवरा म्हणाला, गाडी काढू का? मी नेहमीच्या क्लिनिकच्या नंबरवर फोन केला. उचलणाऱ्याने सांगितलं, डॉक्टर आता नाहीत, तापाचं औषध द्या आणि सकाळी नऊला नंबर लावा. औषध दिलं, तासाभरात ताप ९९ च्या खाली आला. तो झोपला, आम्हीही झोपलो.

सकाळी सातला त्याला उचलला तर हात लोंबत होते. दूध तोंडात धरलं पण ओढेना. नऊचा नंबर वगैरे विसरून पळालो. लघवीतला जंतुसंसर्ग निघाला, तो रक्तापर्यंत पोचला होता. पाठीतलं पाणी काढून तपासलं, ते सुदैवाने स्वच्छ होतं. सात दिवस शिरेतून अँटिबायोटिक.

डॉक्टर ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, 'रात्री का नाही आणलंत?' त्याचं उत्तर मी अजून शोधतेय. ताप उतरला होता, बाळ रडत नव्हतं, मोठी माणसं निवांत होती. त्या रात्री मला नेमकं काय दिसायला हवं होतं?

---

ऐरोलीकर_बाबा | सोमवार, रात्री १०:३८

तुमचं 'शहाण्यासारखा झोपला होता' वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडेही वेगळ्या आजारात अशीच फसगत झाली होती. सविस्तर लिहितो, आधी मुलीला झोपवतो.

---

तलावपाळी | सोमवार, रात्री १०:५१

इंजेक्शनचा ताप कसा असेल? दीड महिन्याची लस आणि आठवा आठवडा यांत दोन आठवड्यांचं अंतर आहे ना?

---

घोडबंदरकरीण | सोमवार, रात्री १०:५५

हो. पंधरा दिवस उलटून गेले होते. रात्री दीडला हे गणित कोणीच केलं नाही.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:२०

बालरोग विभागात काम करतो, नावगाव विचारू नका. इथे कोणाच्या बाळाचं निदान करणार नाही, पण या प्रश्नाचं उत्तर देता येईल.

ताई, त्या रात्री तुम्हाला एकच गोष्ट माहीत असायला हवी होती, आणि ती तुम्हाला कोणी सांगितली नव्हती. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप असेल तर तापाचा आकडा एवढं एकच कारण निघायला पुरतं. बाळ हसतंय का, रडतंय का, हे बघत बसायचंच नाही. या वयात प्रतिकारशक्ती कच्ची असते आणि बाळाला आजार 'दाखवता' येत नाही. सहा वर्षांचं मूल सांगतं, सू करताना जळतं. आठ आठवड्यांचं बाळ फक्त जरा कमी पितं आणि जरा जास्त झोपतं. त्यातही पहिल्या २८ दिवसांत ताप असेल तर आम्ही जवळपास नेहमीच दाखल करून रक्त, लघवी आणि बहुतेक वेळा पाठीतलं पाणीही तपासतो.

औषधाने ताप उतरला म्हणजे साधाच होता, असंही नसतं. पॅरासिटामॉल ताप उतरवतं, जंतू मारत नाही. गंभीर संसर्गातसुद्धा तासाभरात आकडा खाली येतो. म्हणून तीन महिन्यांच्या आत डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते देऊच नये. दिलं तर फक्त तुमची झोप लागते.

लशीचा ताप साधारण पहिल्या दोन दिवसांत येतो आणि जातो. पण ते ठरवण्यासाठीही या वयात डॉक्टरांना फोन हवाच.

---

दीडशहाणा | सोमवार, रात्री ११:३१

म्हणजे थोडं अंग गरम लागलं की पळा. हॉस्पिटलवाल्यांची चांदी. आमच्या लहानपणी आईने कपाळाला हात लावला की ताप किती ते कळायचं, आणि आम्ही सगळे जिवंत आहोत.

---

उरणची_सिस्टर | सोमवार, रात्री ११:४७

जे जिवंत राहिले तेच हे लिहायला आलेत हो. जे गेले ते कुठे लॉगिन करणार?

सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं काढली आहेत, त्यातली बरीचशी बालविभागात. हाताने अंग गरम आहे की नाही एवढं कळतं, आकडा कळत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. काखेत कोरड्या कातडीला टेकवून, हात दाबून धरून, पीप वाजेपर्यंत. काखेतल्या आकड्यात एक मिळवा असं जे सांगतात ते करू नका. काय दिसलं आणि कुठे लावला होता, एवढंच सांगा. गणित आमचं आम्ही करू.

आणि घोडबंदरच्या पोरी, सासूवर राग धरू नकोस. तिने जे पाहिलंय त्यावरून ती बोलली.

---

घोडबंदरकरीण | सोमवार, रात्री ११:५२

राग नाही हो सिस्टर. त्या मेल्याहून मेल्यासारख्या झाल्या होत्या. दवाखान्याच्या जिन्यात बसून रडल्या.

पण एक शंका आहे. मी कुठे १००.४ वाचलंय, कुठे ९९.५. नक्की काय धरायचं?

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री १२:०५

दोन्ही बरोबर आहेत, मोजायची जागा वेगळी आहे. परदेशी पुस्तकांत गुदद्वारात मोजलेला १००.४, म्हणजे ३८ सेल्सिअस. आपल्याकडे आशा सेविका आणि नर्सना शिकवतात ते दोन महिन्यांच्या आतल्या बाळासाठी आणि काखेत मोजून, ३७.५ सेल्सिअस म्हणजे ९९.५ फॅरनहाइट. काख नेहमी जरा थंड असते, म्हणून आकडा खाली. तुमचं बाळ काखेतच १००.८ होतं, त्यामुळे दोन्ही हिशोबांनी निघायलाच हवं होतं.

दुपट्यात घट्ट गुंडाळलेल्या बाळाचा आकडा वर जातो, विशेषतः या दमट हवेत. कपडे सैल करून पंधरा-वीस मिनिटांनी परत बघायला हरकत नाही. परत तेवढाच आला तर चावी घ्या.

उलट्या बाजूनेही लक्ष ठेवा. नवजात बाळ गार पडणं हे तापाइतकंच वाईट. काखेत ३५.५ सेल्सिअसच्या खाली असेल, पोट आणि तळवे दोन्ही गार असतील, तर छातीला कातडीला कातडी लावून धरा आणि तसंच घेऊन या.

---

ऐरोलीकर_बाबा | मंगळवार, सकाळी ७:४०

हं, आता लिहितो. मुलगी सात महिन्यांची, साधी सर्दी. ताप जेमतेम ९९.८. पहिल्या दिवशी नाक वाहिलं, दुसऱ्या दिवशी खोकला, तिसऱ्या रात्री दूध पिताना मध्येच सोडून धापा टाकायला लागली. आम्ही आकड्यावर विसंबून, १०० पण नाही ना, मग काय घाबरायचं. शेजाऱ्यांनी नेब्युलायझर आणून दिला, त्यात एक तास गेला. दुसऱ्या शेजाऱ्यांनी कोविडच्या वेळचं ऑक्सिमीटर आणलं. तिच्या चिमुकल्या बोटावर ते एकदा ९८ दाखवे, एकदा ७१, एकदा नुसत्या रेघा. त्यात अजून अर्धा तास.

शेवटी वडिलांनी झबलं वर करून तिचं पोट बघितलं. 'अरे, हिचं पोट उडतंय बघ.' प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता. मोबाइलवर मिनिट लावून मोजले, ६६.

पाऊस असा की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी, म्हणजे ठाण्याचा रस्ता बाद. ठाणे-बेलापूर रोडने वाशी गाठली. ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना सूज. तीन दिवस ऑक्सिजनवर होती. डॉक्टर म्हणाले, हा आजार तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळ्यात जास्त चढतो, त्यामुळे 'तीन दिवस झाले, आता उतरेल' हा हिशोब इथे उलटा पडतो.

तेव्हापासून आमच्या घरात थर्मामीटरच्या आधी झबलं वर होतं.

---

उरणची_सिस्टर | मंगळवार, सकाळी ८:१५

आजोबांना माझा नमस्कार सांगा.

श्वास मोजायची रीत सांगते, कारण निम्मे लोक चुकीचं मोजतात. बाळ शांत हवं, रडताना किंवा पिताना मोजू नका. पोटाकडे बघा, वर गेलं की एक. पूर्ण साठ सेकंद मोजा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. तान्ही बाळं भराभर श्वास घेतात, मग जरा थांबतात, परत घेतात. गुणाकाराने तो थांबा एकतर दिसत नाही नाहीतर चौपट होतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्ष पन्नास किंवा जास्त, वर्षाच्या पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त, हा जलद श्वास. पहिल्यांदा जास्त आला तर परत एकदा मोजा.

पण छातीत खळगा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, श्वास सोडताना बाळ कण्हल्यासारखा आवाज करतंय, ओठ किंवा जीभ निळसर दिसतेय, किंवा श्वास मध्येच वीस सेकंद थांबला, तर मोजत बसायचं नाही. तिथे आकड्याचं काम संपलं.

---

नौपाड्याची_आजी | मंगळवार, सकाळी १०:०२

माझ्या नातीने हा धागा दाखवला म्हणून लिहिते आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मी चार मुलं आणि सहा नातवंडं वाढवली. आमच्या वेळी थर्मामीटर घराघरात नव्हता हे खरं, पण आम्ही एक बघायचो. रडणं. भुकेचं रडणं वेगळं, पोट दुखल्याचं वेगळं. बाळ नेहमीसारखं रडत नसेल, मांजरीच्या पिलासारखं बारीक कुईकुई करत असेल, किंवा रडायलाच विसरलं असेल, तर माझी सासू म्हणायची, 'उचला आणि चला.' डोंबिवलीहून लोकलने परळच्या वाडिया हॉस्पिटलात नेलंय मी धाकट्याला.

आणि अहो दीडशहाणे, कपाळाला हात लावून कळायचं ते आईला कळायचं. तुम्हाला नव्हे.

---

तलावपाळी | मंगळवार, सकाळी १०:१०

आजींना +१००.

---

उरणची_सिस्टर | मंगळवार, सकाळी ११:३०

आजी जे म्हणतायत ते गडचिरोलीत शास्त्र म्हणून सिद्ध झालंय, गंमत बघा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने खेड्यातल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं, घरी जाऊन नवजात बाळं तपासायला. ३९ गावं. तिसऱ्या वर्षापर्यंत तुलनेच्या गावांच्या मानाने तिथला नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी घटला होता, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. त्या बायका काय बघायच्या? रडणं क्षीण झालं किंवा थांबलं. दूध ओढणं कमी झालं किंवा थांबलं. अंग ढिलं पडलं. आईच्या मते बाळ गार लागतंय, किंवा बाळाला ताप आहे. पोट फुगलं किंवा उलट्या. छाती आत ओढली जातेय. कातडीवर किंवा बेंबीला पू. यातली कुठलीही दोन एका वेळी दिसली तर जंतुसंसर्ग समजायचा. मोजदादीसाठी मण्यांची पाटी होती, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा.

'आईच्या मते' हे शब्द त्या यादीत आहेत, हे मी प्रत्येक नव्या मुलीला शिकवायचे. घोडबंदर, तुझं बाळ त्या रात्री गरम होतं आणि दूध कमी ओढत होतं. दोन झाली.

---

घोडबंदरकरीण | मंगळवार, दुपारी १:२०

सिस्टर, हे वाचून बराच वेळ काही सुचलंच नाही.

---

दीडशहाणा | मंगळवार, दुपारी २:०५

आजींची माफी मागतो. पण माझा मुद्दा पूर्ण चुकीचा नाही. मोठ्याच्या वेळी पहिल्या वर्षात आम्ही पाच वेळा रात्री धावलो, पाचही वेळा 'व्हायरल आहे, घरी जा.' त्यातल्या एका वेळी तिथूनच जुलाब घेऊन आलो असं मला आजही वाटतं. तीन महिन्यांच्या पुढच्या बाळाला १०२ ताप आला तरी पळायचं का?

---

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ४:४०

हा प्रश्न रास्त आहे. तीन महिन्यांनंतर आकड्याचं वजन कमी होतं आणि बाळ कसं दिसतंय याचं वाढतं. आठ महिन्यांचं बाळ १०३ तापात औषध दिल्यावर खुळखुळा हलवत असेल, पीत असेल, सू करत असेल, तर रात्र घरी काढून सकाळी दाखवलं तरी चालतं. तेच बाळ १०० तापात निपचित पडलं असेल, नजर देत नसेल, उठवलं तरी डोळे मिटत असेल, तर रात्रीच. मात्र तीन ते सहा महिन्यांमध्ये १०२ च्या वर असेल तर त्याच दिवशी तपासून घ्या.

वय कितीही असो, काही गोष्टींना सकाळ नसते. दूध किंवा पाणी घेतच नाही. घेतलेलं सगळं उलटून टाकतं. आकडी येते. बेशुद्ध किंवा फारच सुस्त आहे. टाळू फुगून टणक झाली आहे. अंगावर लाल-जांभळे ठिपके आहेत आणि काचेचा ग्लास दाबला तरी पुसट होत नाहीत. हिरवी उलटी. थांबून थांबून कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं आणि शीतून लाल चिकट रक्त जातं. नवजात बाळाची कावीळ पहिल्या २४ तासांतच दिसली किंवा तळहात-तळपायांपर्यंत पिवळी झाली.

जुलाबात सू बघा. सहा-आठ तास लंगोट कोरडा, टाळू खोल, रडताना डोळ्यांत पाणी नाही, पोटाची चिमटी सोडल्यावर कातडी हळूहळू जागेवर जाते, तर निघा. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच. अर्ध्या पाकिटाचा अंदाजपंचे घोळ करणारे खूप बघितलेत, त्याने बाळाच्या रक्तातलं मीठ चढतं.

---

ऐरोलीकर_बाबा | मंगळवार, संध्याकाळी ५:१५

दातांचा ताप?

---

रात्रपाळी | मंगळवार, संध्याकाळी ५:२२

दातांनी किरकिर होते, लाळ गळते. कडकडीत ताप येत नाही. दात हे या देशातलं सगळ्यात सोयीचं निदान आहे.

---

नौपाड्याची_आजी | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

बाळगुटीबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्याकडे वेखंड, हळकुंड, जायफळ, मुरडशेंग यांचे वेढे उगाळून मधातून द्यायचे. सूनबाई देऊ देत नाही. तिचं ऐकते, पण मनाला पटत नाही.

---

उरणची_सिस्टर | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

आजी, मध तरी वर्षाच्या आत अजिबात नको. मधात कधीकधी एका जंतूचे बीजाणू असतात. मोठ्यांना काही होत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते विष तयार करतात. आधी शी होत नाही, मग दूध ओढता येत नाही, मग मान ढिली पडते. जायफळाचे दोन वेढे जास्त झाले की बाळ गुंगीत जातं, आणि घरात सगळे म्हणतात, बघा कसं छान झोपलं. आपला हा धागा 'छान झोपलं' वरूनच सुरू झालाय ना? सूनबाईला पाठिंबा द्या. वेखंड टोपऱ्याला चोळा हवं तर, पोटात नको.

---

तलावपाळी | मंगळवार, संध्याकाळी ७:४०

आणि खोकल्याची औषधं? सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याची मुलं गेली, सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं, त्यानंतर आमच्या इमारतीतल्या सगळ्या आयांनी घरातल्या बाटल्या ओतून दिल्या.

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ८:१०

दोन वर्षांच्या आत सर्दी-खोकल्याचं औषध द्यायचं नाही, ही केंद्राची सूचना तेव्हाच पुन्हा निघाली. विष नसलेलंही नको, फायदा नाही आणि सुस्ती येते. सुस्ती आली की आजाराची खूण झाकली जाते.

तापाच्या औषधाबद्दलही सांगतो. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप ही दोन वेगळी औषधं समजा. थेंबांत साधारण एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये २५ च्या आसपास. थेंबांची बाटली हातात आणि सिरपचं माप डोक्यात, म्हणजे चौपट डोस. शेवटचं वजन आणि त्यावरून डॉक्टरांनी सांगितलेलं माप त्याच बाटलीवर लिहून ठेवा.

---

खारघरची_स्वरा | मंगळवार, रात्री ११:३८

धागा वाचतेय म्हणून विचारते. माझं बाळ १९ दिवसांचं. संध्याकाळपासून दोन उलट्या, आताची हिरवी होती, पालकाच्या पाण्यासारखी. ताप नाही. पोट थोडं टणक वाटतंय. घरचे म्हणतात, मी पालेभाजी खाल्ली म्हणून. सकाळपर्यंत थांबू का?

---

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ११:४१

नाही. आत्ता. आईच्या खाण्याने बाळाची उलटी हिरवी होत नाही. जिथे लहान मुलांचे शस्त्रक्रियातज्ज्ञ आणि नवजात अतिदक्षता विभाग आहे तिथे फोन करून निघा. वाटेत काही पाजू नका. उलटीचा फोटो काढा, माखलेलं फडकं पिशवीत घ्या.

---

उरणची_सिस्टर | मंगळवार, रात्री ११:४३

फोन ठेव बाई, निघ. उत्तर नंतर दे.

---

ऐरोलीकर_बाबा | मंगळवार, रात्री ११:४४

गाडी नसेल तर १०८. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ ची गाडीही फुकट असते. कॅबवाले रात्री 'कॅश की ऑनलाइन' विचारून रद्द करतात, त्यांच्यावर अवलंबून राहू नका.

---

घोडबंदरकरीण | बुधवार, सकाळी ६:१०

स्वरा, काही कळवता आलं तर कळव. झोप लागली नाही.

---

खारघरची_स्वरा | बुधवार, संध्याकाळी ६:२५

आत्ताच घरी आलो. रात्रीच पोटात कॉन्ट्रास्ट (आतडं एक्स-रेत दिसावं म्हणून देतात ते द्रव) घालून एक्स-रे काढला, आतडं जागेवर आहे, पीळ नाही. रात्रभर निरीक्षणाखाली ठेवलं, सकाळी रक्ताचे रिपोर्टही चांगले आले. दुपारपासून दूध पितेय. सगळ्यांचे आभार.

पण खरं सांगू? बिल ३१ हजार झालं आणि निदान 'काही नाही'. सासरे गाडीत एक शब्द बोलले नाहीत. मला उगाच घाबरट ठरवल्यासारखं वाटतंय.

---

रात्रपाळी | बुधवार, संध्याकाळी ७:००

हिरवी उलटी झालेल्या बऱ्याच नवजात बाळांत शस्त्रक्रियेचं काही निघत नाही. पण ज्यांच्यात आतडं पिळलेलं असतं तीही सुरुवातीला तुमच्या मुलीसारखीच दिसतात. रक्तपुरवठा तुटला की आतडं काही तासांत काळं पडतं. तो एक्स-रे काढल्याशिवाय मलाही फरक सांगता आला नसता. सासऱ्यांना सांगा, १९ दिवसांच्या बाळाला हिरवी उलटी झाल्यावर माझ्या स्वतःच्या घरीही मी हेच केलं असतं.

---

दीडशहाणा | बुधवार, संध्याकाळी ७:३५

पाच वेळा फुकट धावलेला माणूस लिहितोय. स्वरा ताई, मी तुमच्या जागी सकाळपर्यंत थांबलो असतो. काल रात्री हा धागा वाचून थोडा गप्प झालोय.

खर्चाचं मात्र बोलायला हवं. वाशी, नेरुळ, ऐरोलीला नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं आहेत, ठाण्याच्या बाजूला कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. रात्री तिथे जायला लोक बिचकतात, पण निदान तपासणीसाठी पैशांमुळे थांबू नये.

---

उरणची_सिस्टर | बुधवार, रात्री ८:२०

बरोबर. आणि खासगी असो की सरकारी, बाळ बरं असताना एकदा जाऊन विचारून या. रात्री बालरोगतज्ज्ञ आत असतात की घरून बोलावतात? 'चिल्ड्रन्स' अशी पाटी असलेल्या कितीतरी छोट्या नर्सिंग होममध्ये रात्री एकटे आरएमओ, म्हणजे निवासी डॉक्टर असतात. नवजात अतिदक्षता आहे का? तान्ह्याच्या शिरेत सुई लावणारं माणूस रात्रपाळीला असतं का? हे प्रश्न लिफ्टमध्ये बाळ छातीशी धरून विचारायचे नसतात.

---

तलावपाळी | बुधवार, रात्री ८:४५

घोडबंदरवाल्यांनी एकदा संध्याकाळी सातला आणि एकदा रात्री दोनला जाऊन वेळ मोजा. कासारवडवली ते माजिवडा, रात्री पंधरा मिनिटं, संध्याकाळी कापूरबावडीला अडकलात तर तास. माझा मेहुणा गायमुखच्या ट्रकांमागे अडकला होता, शेवटी गाडी तिथेच सोडून एका दुचाकीवाल्याच्या मागे बाळ घेऊन बसला. त्या माणसाचं नावही माहीत नाही आम्हाला.

---

ऐरोलीकर_बाबा | बुधवार, रात्री ९:१०

आकडीचं कोणीतरी लिहा, माझ्या भाच्याला तापात आली होती आणि शेजारणीने चप्पल हुंगवली.

---

उरणची_सिस्टर | बुधवार, रात्री ९:३०

चप्पल नको, कांदा नको, दातांत चमचा नको, तोंडात पाणी नको. कुशीवर झोपवा, कपडे सैल करा, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या पुढे गेली, परत आली, किंवा नंतर शुद्धीवर येत नाही, तर १०८. लगेच थांबली तरी पहिल्या वेळी दाखवायला न्यायचंच. सहा महिन्यांच्या आत आकडी आली तर ती साधी तापाची आकडी समजायची नाही.

---

नौपाड्याची_आजी | गुरुवार, सकाळी ९:४५

एक राहिलंच. दृष्ट काढायची की नाही?

---

उरणची_सिस्टर | गुरुवार, सकाळी १०:००

काढा ना आजी. मीठ-मोहऱ्या हातात घ्या, आधी रिक्षा बोलवा आणि रिक्षा येईपर्यंत काढा.

---

घोडबंदरकरीण | शुक्रवार, रात्री ९:२०

तुम्ही सगळ्यांनी लिहिलेलं मी एका कागदावर उतरवून फ्रिजवर लावणार होते. दुपारी कामावरून आले तर कागद आधीच लावलेला. सासूबाईंनी धागा वाचून स्वतः लिहिलाय, त्यांच्या त्या शाळेतल्या वळणदार अक्षरात. वर बाळाचं वजन, दोन रुग्णालयांचे रात्रीचे नंबर, गाडीची दुसरी चावी कुठल्या डब्यात आहे ते. मग 'तीन महिन्यांच्या आत ताप = निघणे', खाली लाल शाईची रेघ. आमचा तीन महिन्यांच्या पुढे गेलाय हे त्यांना माहीत आहे, पण 'नणंदेला नववा लागलाय, तिला फोटो पाठव' म्हणाल्या.

शेवटची ओळ आहे, 'दृष्ट : रिक्षात.'